२४०० सोबत ३२०० ची रॅम
जुन्या रॅमसोबत जास्त वेगाची नवी रॅम चालेल का, असं विचारलंत. चालेल की! डीडीआर४ (रॅमची एक पिढी) ची तुमची जुनी २४०० वेगाची स्टिक आणि नवी ३२०० ची एकत्र लावली, तर साधारणपणे दोन्ही २४०० नेच पळतील, एवढंच. ८ चे १६ जीबी झाल्याचा फायदा त्याहून मोठा.

मी २६६६ सोबत ३२०० लावली होती. सीपीयू-झेडमध्ये (पीसीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) १३३३ दिसलं आणि पोटात गोळाच आला! नंतर कळलं, तिथे रॅमचा खरा क्लॉक (मूळ वेग) दिसतो. रॅमवर लिहिलेला डीडीआरचा आकडा त्याच्या दुप्पट.

मदरबोर्ड डीडीआर३ चा (आधीच्या पिढीचा) असेल तर मात्र विसरा, खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. आणि पहिल्यांदा स्क्रीन काळीच राहिली तर पीसी बंद करा, स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसा आणि क्लिप ‘खट्’ वाजेपर्यंत दाबा.