लस स्वस्त झाली, पुढे काय?
किंमत उतरली की लस आपोआप गरिबापर्यंत पोचेल, हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. मेनआफ्रिव्हॅकचं बघा. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिस-ए (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक संसर्ग) वरची ही लस पुण्याच्या सीरमने अर्ध्या डॉलरपेक्षा कमी दरात दिली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पण वीजच नाही त्या गावात लस थंड ठेवायला बर्फ आणायचा कुठून? २०१२ मध्ये ती ४० अंशांपर्यंत चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवायला मान्यता मिळाली, तेव्हा कुठे आरोग्यसेवकांची धावपळ कमी झाली. लस उष्णतेने खराब झाली का, हे कुपीवरची रंग बदलणारी खूण सांगते: वर्तुळातला फिकट चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही! निधी देणाऱ्यांनी डोसच्या भावाइतकाच लस गावापर्यंत नीट पोचवायच्या या शेवटच्या टप्प्याचाही खर्च उचलायला हवा. नुसत्या भावावर घासाघीस किती दिवस करणार?