गाडी बंद पडण्याआधी काय सांगत होती?

गाडी रस्त्यात बंद पडल्याचे किस्से सगळ्यांकडे असतात. इथे त्याच्या अलीकडचं हवंय. गाडीने आधी कुठली खूण दिली, ती तुम्ही कशी ओळखलीत आणि आत नेमकं काय चाललं होतं? आवाज, वास, थरथर, डॅशबोर्डवरचा दिवा, जमिनीवरचा डाग, काहीही चालेल. ‘मेकॅनिक म्हणाला म्हणून बदललं’ एवढ्यावर थांबू नका, का बदललं ते कळलं असेल तर तेही लिहा. गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांनी तर आवर्जून लिहावं.

सुरुवात मी करते. सकाळी सेल्फ मारला की इंजिन कुंथायचं, मग कसंबसं सुरू व्हायचं. दिवसभर पुन्हा काही तक्रार नाही. घरात मल्टीमीटर होता, तो लावला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, माझी १२.२ च्या आसपास. इंजिन चालू केल्यावर आकडा १४ च्या थोडा वर गेला, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आपलं काम करत होता. चार्जरवर ठेवून पाहिली, पुन्हा तेच. तेव्हा बॅटरी बदलली. हाच आकडा इंजिन चालू असतानाही १२ च्या घरात राहिला असता, तर नवी बॅटरीही उतरली असती, कारण दोष अल्टरनेटरमध्ये, त्याच्या बेल्टमध्ये किंवा वायरिंगमध्ये असता. पैसे कुठे घालायचे हे त्या एका आकड्याने ठरवलं.

———

ताई, बॅटरीला हात घालण्याआधी टर्मिनल बघा. पांढरट-हिरवट थर साचला की बॅटरी चांगली असूनही सेल्फला करंट पोचत नाही, नुसतं टक-टक होतं. काढताना आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना निगेटिव्ह शेवटी. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. उलट क्रमाने केलंत आणि पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर अशी ठिणगी उडते की पाना हातातून पडतो.

———

गॅरेजमध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात जास्त गैरसमज तेलाच्या लाल दिव्याबद्दल आहे. लोकांना वाटतं तेल थोडं कमी झालंय, घरी पोचल्यावर बघू. तो दिवा तेल किती आहे हे सांगतच नाही (काही गाड्यांत पातळीसाठी वेगळा पिवळा दिवा असतो). लाल दिवा दाबाचा. पंप तेलाला दाबाने बेअरिंगपर्यंत ढकलतो आणि त्या पातळ थरावर क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य दांडा) फिरतो. दाब गेला की धातू धातूवर घासतो आणि अगदी थोड्या वेळात इंजिन खोलायची पाळी येते. दिवा लागला की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. टो करून आणलेल्या गाडीचं काम बहुतेक वेळा निभावतं, दिवा लागलेला असताना चालवत आणलेल्या गाडीचं सांगता येत नाही.

डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बघताना गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन बंद करून काही मिनिटं थांबायचं, म्हणजे वरचं तेल खाली उतरतं. पुसून, पुन्हा घालून, मग वाचायचं. तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये तर नवं तेलही लगेच काळं होतं. दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तेलात मिसळत असण्याची शक्यता मोठी, बहुधा हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलमधून. झाकणाखाली थोडासा पिवळट फेस असेल तर तो नुसत्या दमटपणानेही येतो, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांत विशेष. त्यासाठी कोणी लगेच इंजिन खोलायला सांगितलं तर आधी दुसऱ्याला विचारा.

———

माझा अनुभव गरम होण्याचा. काटा ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की वर, गाडी पळायला लागली की खाली. पाणी कमी असेल म्हणून सगळे टाकीकडे बोट दाखवत होते, पण पातळी बरोबर होती. गाडी पळताना समोरची हवाच रेडिएटरला थंड करते, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. एसी लावला की पंखा फिरायला हवा, म्हणून एसी चालू करून बॉनेट उघडलं तर पंखा ढिम्म. मोटर ठीक निघाली, तिला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, गेला होता. चढणीवर किंवा वेगात काटा वर गेला असता तर संशय थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा तुंबलेल्या रेडिएटरवर घेतला असता.

अडकलात तर एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू. अंगाची लाही होते, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता आत ओढून घेतो. जागा मिळाली की थांबाच. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असल्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण उघडताच दाब जातो आणि सगळं उसळून अंगावर येतं.

———

ब्रेकचा दिवा मधूनच लागायचा, वळणावर जास्त. ब्रेक ऑइलची पातळी किमान रेषेच्या खाली होती. भरलं, दिवा गेला. सोपं काम आहे, घरी करता येतं.

———

दादा, असं भरून विषय संपवू नका. ब्रेक पॅड झिजले की ते दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्या मागची जागा भरायला ऑइल खाली उतरतं आणि गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी कमी होते. म्हणजे तो दिवा तुम्हाला पॅड बघायला सांगत होता. पॅड ठीक असतील तर गळती शोधायला हवी, आणि ते जास्त गंभीर. शिवाय अर्धवट उरलेल्या जुन्या बाटलीतलं वापरू नका, ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

———

वरचं वाचून आजच पॅड बघायला देतो. धन्यवाद.

———

टायरबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही! मी ड्रायव्हिंग शिकवते. शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी टायर वाचायला लावते. मधला भाग जास्त झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर बहुतेक अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन बिघडलेला. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. हवा थंड टायरमध्येच मोजायची, चालवून आल्यावर दाब वाढलेला असतो. खाचांमध्ये आडवे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की खोली १.६ मिमी उरली, टायर संपला. आणि स्टेपनी! तिच्यात हवा आहे का ते पंक्चर झाल्यावरच बघायची लोकांना सवय.

———

पिवळा इंजिनचा दिवा लागला होता, गाडी अगदी नीट चालत होती. बिघाडाचा कोड वाचणारं छोटं स्कॅनर लावलं तर पी०४५५, म्हणजे पेट्रोलच्या वाफा रोखणाऱ्या यंत्रणेत मोठी गळती. टाकीचं झाकण नीट बसलं नव्हतं. घट्ट केलं, पुढच्या काही फेऱ्यांत दिवा आपोआप गेला. हाच दिवा लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करा. इंजिन मिसफायर होत असतं आणि न जळलेलं इंधन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं.

———

माझा अनुभव नाही, प्रश्न आहे. वेगात असताना स्टिअरिंग थरथरतं. एक जण बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) म्हणतो, दुसरा ब्रेकची डिस्क. कोणाचं ऐकू?

———

ब्रेक दाबल्यावरच थरथरतं का, की न दाबताही? ब्रेक दाबल्यावरच होत असेल तर डिस्कची जाडी असमान झाली असणार. ब्रेकला पाय न लावता ठराविक वेगात सुरू होत असेल आणि त्याच्या वर किंवा खाली कमी होत असेल, तर आधी बॅलन्सिंग. तेही आधी चाकांच्या आतल्या बाजूचा चिखल धुऊन, कारण वाळलेला चिखल एका बाजूला चिकटला तरी हेच होतं.

———

न दाबताच होतं. आत्ता खाली वाकून बघितलं, पुढच्या डाव्या चाकात चिखलाचा थर आहे. धुऊन उद्या सांगतो.