किरणोपचारात नॅनोकण : आज रुग्णाला उपयोग किती?

रेवा :
माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांना घशाचा कर्करोग आहे. मूत्रपिंडे कमजोर असल्याने रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध देता येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. सोन्याच्या नॅनोकणांमुळे (अतिसूक्ष्म कणांमुळे) किरणांचा परिणाम अनेक पटींनी वाढतो, अशी बातमी एका नातेवाइकांनी पाठवली आहे. यात तथ्य किती आणि हा उपचार मिळू शकतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भौतिकविद :
तत्त्व खरे आहे. सोन्याचा अणुक्रमांक ७९. कमी ऊर्जेचे क्ष-किरण अशा जड अणूंत शरीरातील हलक्या मूलद्रव्यांपेक्षा कितीतरी अधिक शोषले जातात आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा लगतच्या पेशींतच सोडतात. २००४ साली हेनफेल्ड व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांना १.९ नॅनोमीटरचे सुवर्णकण शिरेतून देऊन २५० किलोव्होल्टचे क्ष-किरण दिले, तेव्हा वर्षभराने ८६ टक्के उंदीर जिवंत होते; नुसते किरण दिलेल्यांपैकी २० टक्के. मात्र त्यात दर किलो वजनामागे २.७ ग्रॅमपर्यंत सोने वापरले होते. साठ किलोच्या माणसाला त्या हिशेबाने १६२ ग्रॅम, म्हणजे सराफी भाषेत सोळा तोळे, शिरेतून द्यावे लागतील! शिवाय रुग्णालयातील लिनॅक या किरणोपचार यंत्राचे किरण बहुधा ६ मेगाव्होल्टचे, म्हणजे त्या प्रयोगातल्यापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जेचे असतात आणि त्या ऊर्जेला जड अणूंचा हा फायदा बराच ओसरतो. बातमीत हे सहसा गाळलेले असते.

अप्पा :
मग सुवर्णभस्म पोटातून घेतले तर चालेल का?

कर्करोगचिकित्सक :
अप्पा, नाही. पोटातून घेतलेले भस्म गाठीत पुरेशा प्रमाणात पोहोचते, याला आधार नाही. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांचाही बराचसा भाग यकृत आणि प्लीहाच अडवून ठेवतात. म्हणूनच एका फ्रेंच कंपनीने हाफ्नियम या जड धातूच्या ऑक्साइडचे कण किरणोपचारापूर्वी एकदाच, थेट गाठीत टोचण्याचा मार्ग धरला. मऊ ऊतींच्या सार्कोमावरील (स्नायू, चरबी यांसारख्या ऊतींच्या कर्करोगावरील) त्यांच्या चाचणीत शस्त्रक्रियेवेळी गाठ जवळजवळ पूर्ण मृत आढळण्याचे प्रमाण ८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेले आणि २०१९ मध्ये युरोपात त्याच आजारापुरती मान्यता मिळाली. डोके-मानेच्या कर्करोगात (घशाचा कर्करोग यातच येतो) सिस्प्लॅटिन न चालणाऱ्या वृद्धांसाठी तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे मोठ्या प्रमाणावरची तुलनात्मक चाचणी हाती घेण्यात आली. चाचणीबाहेर मात्र हा उपचार कोणी विकत देऊ करत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे.

रेवाताई, तुमच्या वडिलांच्या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटते ते मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन. सिस्प्लॅटिन देता न येणाऱ्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना रेडिएशनसोबत दर आठवड्याला डोसिटॅक्सेल या केमोथेरपीच्या दुसऱ्या औषधाची लहान मात्रा दिली असता दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेले. हे औषध प्रामुख्याने यकृतातून बाहेर टाकले जात असल्याने मूत्रपिंडांच्या दुखण्यात ते अनेकदा देता येते; पण यकृताच्या तपासण्या ठीक असाव्या लागतात, आणि तोंड येणे व गिळताना दुखणे हे त्रास निश्चितच वाढतात. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना डोसिटॅक्सेलविषयी स्पष्ट विचारा, आणि उपचारांच्या काळात वजन टिकवण्यासाठी नाकातून नळी घालावी लागेल का, हेही आधीच विचारून घ्या.