मदत हवी आहे : भाऊ जहाजावर अडकलाय, सात महिने पगार नाही. आयटीएफला कळवावं का?

नमस्कार मंडळी. इथे मर्चंट नेव्हीवाले बरेच आहेत म्हणून लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ एका छोट्या टँकरवर ओएस (डेकवरचा कनिष्ठ खलाशी) आहे. जहाज शारजाबाहेर नांगर टाकून उभं आहे. मागे नोंदणीचा देश म्हणून पनामा लिहिलंय, पण मालक नक्की कुठला हे कप्तानालाही सांगता येत नाही. सात महिने पगार नाही. आधी 'पुढच्या चार्टरचे पैसे येऊ देत', मग 'बँकेचा प्रॉब्लेम', आता मालक फोनच उचलत नाही. जनरेटर संध्याकाळी दोन तास लावतात, तेवढ्यात सगळ्यांनी मोबाईल चार्ज करायचे. परवा त्याने फोटो पाठवला. तांदळाच्या पिंपात तळाला एक स्टीलचा मग, मगावर मार्करने मारलेली रेघ. अकरा जणांना एका वेळी त्या रेघेपर्यंतच तांदूळ. आईला मी तो फोटो दाखवलेला नाही.

ज्या एजंटने त्याला लावलं त्याने साडेतीन लाख घेतले. पावती नाही, आमचंच चुकलं. आता तोच म्हणतो की मालक विमानाचं तिकीट आणि तीन महिन्यांचा पगार द्यायला तयार आहे, फक्त सगळ्यांनी 'पूर्ण पैसे मिळाले, काही येणं नाही' अशा कागदावर सही करायची. जहाजावरचा एक मुलगा आयटीएफला मेल टाकूया म्हणत होता. ते एजंटच्या कानावर गेलं तर मला फोन : "ताई, त्या लोकांच्या नादी लागलात तर पोराचं नाव काळ्या यादीत जाईल, परत जहाजाच्या शिडीला हात लावता येणार नाही."

हे आयटीएफ म्हणजे नक्की कोण? फी घेतात का? सही करू द्यावी का?

बोसनकाका

सही अजिबात नको. आधी ते बोलतो.

आयटीएफ म्हणजे वाहतूक कामगारांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ. १८९६ मध्ये लंडनला सुरू झाला, बोटीवरचे आणि गोदीतले कामगार एकत्र येऊन. आज सुमारे १५० देशांतल्या सातशेच्या आसपास संघटना त्यात आहेत. रेल्वे, ट्रक, विमान, बंदर, सगळे. परकं काही नाही हो, आपल्या रेल्वे कामगारांचे नेते उमरावमल पुरोहित आयटीएफचे अध्यक्ष होते.

तुमच्या कामाचं हे : १९४८ पासून ते सोयीच्या झेंड्यांविरुद्ध मोहीम चालवतात. मालक एका देशात, झेंडा पनामाचा, खलाशी रत्नागिरीचा. भांडण झालं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा जहाजांवरच्या खलाशांच्या तक्रारी हेच त्यांचं रोजचं काम. फी नाही. कोणी आयटीएफच्या नावाने पैसे मागितले तर तो माणूस त्यांचा नाही समजा.

एक मात्र आधीच सांगतो. अमिरातीत कामगार संघटनांना परवानगीच नाही. त्यामुळे इन्स्पेक्टर लाँचने येऊन कप्तानाला झापेल असलं काही डोक्यात आणू नका. केस मेलवर चालते. ते झेंड्याच्या देशाला, विमा कंपनीला, बंदराला पत्रं लिहितात. वेळ लागतो, पण माझ्या २९ वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पत्राने हललेले मालक मी पाहिलेत.

गिरगावकर७१

सगळं कबूल, पण जीव महत्त्वाचा. माझ्या मेव्हण्याने असंच निम्म्यावर पाणी सोडलं आणि घरी आला. आज मजेत आहे. तीन महिन्यांचा मिळतोय तो घ्या आणि पोराला आणा.

समुद्री_वकील

गिरगावकर, मेव्हण्यांच्या वेळी २०१७ उजाडलं होतं का? कारण तिथेच सगळा फरक आहे.

ताई, सागरी कामगार करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा. भारताने २०१५ मध्ये मान्य केला, पनामाने त्याच्याही आधी. १८ जानेवारी २०१७ पासून त्यातल्या दुरुस्तीनुसार मालकाला असा विमा काढावाच लागतो की त्याने खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर घरी पाठवण्याचा खर्च, तोपर्यंतचं अन्न, पाणी, इंधन, औषधपाणी आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विमा कंपनी देईल. दोन महिने पगार थकवून मालकाने हात वर केले की 'सोडून दिलेलं जहाज' म्हणता येतं. तुमचे सात झाले.

आता हिशोब करा. मालक देतोय तीन महिन्यांचा, तोही सातही महिन्यांचा हक्क सोडलात तर. विम्यातून चार येऊ शकतात आणि उरलेल्या तीन महिन्यांचा दावा जहाजावर तसाच उभा राहतो. खलाशाचा पगार जहाजाला चिकटतो, नाव बदललं, मालक बदलला तरी. उद्या तेच जहाज मुंबईला किंवा कांडल्याला आलं तर २०१७ च्या अॅडमिरल्टी (जहाजांवरच्या दाव्यांच्या) कायद्याखाली ते इथल्या उच्च न्यायालयातून अडकवून ठेवता येतं. पगारासाठी हा हक्क दोन वर्षं टिकतो. 'काही येणं नाही' लिहून दिलंत की हे सगळं गेलं.

म्हणून भावाला जहाजाचा आयएमओ नंबर लिहून घ्यायला सांगा. सात आकडी असतो, जहाजाचं नाव कितीही वेळा रंगवलं तरी तो बदलत नाही. आणि त्या विम्याचं प्रमाणपत्र खलाशांना दिसेल अशा जागी लावलेलं असायला हवं. त्याचा फोटो, विमा कंपनीचा पत्ता-फोन त्यावरच असतो.

बोसनकाका

+१. आणखी एक. कप्तान किंवा एजंट 'जहाजाचा ताबा घे', 'रखवालदार म्हणून सही कर' म्हणाला तरी नको. अमान जहाजावरचा सीरियन अधिकारी मोहम्मद आयशा आठवतोय का? इजिप्तच्या कोर्टाने त्याला जहाजाचा कायदेशीर पालक ठरवलं आणि २०१७ पासून २०२१ पर्यंत बिचारा तिथेच, शेवटी एकटा. आयटीएफच्या तिथल्या प्रतिनिधीने ते पालकत्व स्वतःवर घेतलं तेव्हा कुठे सुटला.

खलाशाची_बहीण (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. सही थांबवली आहे. पण काळ्या यादीचं काय? आणि एजंटकडे लायसन्स नव्हतं हे आता कळतंय, मग आमचं ऐकणार कोण?

बेलापूर_लोकल

काळी यादी हे या एजंट लोकांचं बागुलबुवाचं दुकान आहे. पण ते खोटंच आहे असंही म्हणणार नाही, छोट्या कंपन्या एकमेकांना फोन करतात. तुमच्या भावाला परत तसल्याच कंपनीत जायचंय का, हा खरा प्रश्न.

एजंटचं म्हणाल तर खलाशांची भरती करायला आरपीएसएल नावाचं सरकारी लायसन्स लागतं आणि लायसन्सवाल्यालाही नोकरी लावून द्यायचे पैसे घेता येत नाहीत. तक्रार डीजी शिपिंगकडे, म्हणजे जहाजवाहतुकीच्या सरकारी खात्याकडे, कांजूरमार्ग पूर्वेला ऑफिस आहे. विमा मात्र जहाजाचा असतो, एजंट कसाही असो. आणि भाऊ ओएस म्हणजे नुसी या खलाशांच्या संघटनेकडे जा, बॅलार्ड इस्टेटला गोवा स्ट्रीटवर, सीएसएमटीहून चालत. ती आयटीएफचीच सभासद संघटना आहे. मराठीत बोललात तरी चालतं, माझा अनुभव.

आणि तुम्ही एकट्या नाही हो. २०२४ मध्ये आयटीएफने नोंदवलेली अशी जहाजं ३१२, खलाशी ३,१३३, त्यातले ८९९ आपले. कुठल्याही देशापेक्षा जास्त.

खलाशाची_बहीण (धागाकर्ती)

अपडेट. कांजूरमार्गला मी रोज कामासाठी उतरते, सहा वर्षं, आणि ते ऑफिस तिथे आहे हे इथे कळलं! आज लंच टाइममध्ये लेखी तक्रार देऊन पोच घेतली. उद्या गोवा स्ट्रीट.

प्रमाणपत्र सापडलं. मेसरूममध्ये त्याच्यावर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर टांगलं होतं. मुदत अजून चार महिने आहे. अकरापैकी नऊ जणांनी मिळून आयटीएफला मेल केला, दोघं घाबरले. रात्री उत्तर आलं : सगळ्यांची यादी, प्रत्येकाचं कंत्राट, किती पगार थकलाय त्याचा तक्ता आणि पाणी-जेवण किती दिवस पुरेल ते पाठवा.

आता अडचण अशी की भावाच्या कंत्राटाचं पगाराचं पान भिजून फाटलंय, आकडा अर्धाच दिसतो. सुरुवातीच्या दोन महिन्यांचा पगार बँकेत आला होता. ते स्टेटमेंट पुरावा म्हणून चालेल का? समुद्री_वकील, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, जमेल तसं बघा.