जळगावपासून तासाभरात चढण्याजोगा कातळ कुठे आणि कसा शोधावा?

प्रश्न : गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार. मी गेली सहा वर्षे प्रस्तरारोहण करतो, म्हणजे खरे सांगायचे तर वर्षातून दोनदा करतो: एकदा मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीला आणि रजा मिळालीच तर एकदा बदामीला. उरलेले दहा महिने दाराच्या चौकटीला लोंबकळण्यात जातात. आमच्या तीन-चार जणांच्या गटाला मोठी भिंत नको आहे. तीन-चार मीटर उंचीचे, दोराशिवाय चढता येतील असे धोंडे किंवा फार तर दहा मीटरचा एखादा कडा मोटारसायकलने तासाभरात गाठता आला, तरी आमचे भागेल.

अडचण अशी, की जळगावच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत तापीचा गाळ पसरला आहे. तिथे केळीच्या बागेत मूठभर खडाही सापडत नाही. दक्षिणेला जामनेर-पाचोऱ्याकडे माळरान आहे, पण कातळ म्हटले की प्रत्येक जण किल्ल्यांची नावे सांगतो. उपग्रह नकाशावर मी दोन रविवार खर्च केले. जे दोन काळे ठिपके आशेने टिपून ठेवले होते, त्यांतील एक शेततळ्याचे प्लास्टिक निघाले आणि दुसरा वीटभट्टीची राख. शोधण्याची काही पद्धत असेल, तर कृपया सांगावी.

उत्तर : लळिंगच्या पायथ्याशी (धुळे)

तुमचा शोध उपग्रह चित्रापासून सुरू झाला, तिथेच थोडी गफलत झाली असे वाटते. वरून घेतलेल्या चित्रात उभा खडक जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती त्याची सावली. त्यामुळे जुन्या तारखांची चित्रे उघडता येत असतील, तर डिसेंबर-जानेवारीतील, लांब सावल्यांची चित्रे पाहावीत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशेही उपयोगी आहेत, परंतु त्यांवर दोन समोच्च रेषांमधील अंतर 20 मीटर असते. म्हणजे तुम्हाला हवा तो चार मीटरचा धोंडाच काय, दहा मीटरचा कडाही दोन रेषांच्या मध्ये सहज लपून जाऊ शकतो. नकाशा कोरा दिसला म्हणून जमीन कोरी असेलच असे नाही.

आमच्या धुळे-साक्री-नंदुरबार पट्ट्यात मी आधी डाइक शोधतो. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आडव्या थरांनी पसरला. त्या थरांना चिरणाऱ्या उभ्या भेगांत शिलारस थिजून राहिला, तो डाइक. या पट्ट्यात असे दोनशेहून अधिक मोठे डाइक आहेत आणि त्यांतील बहुतेक ढोबळमानाने पूर्व-पश्चिम धावतात. आजूबाजूचा मऊ, सच्छिद्र खडक झिजून गेला की हा घट्ट दगड शेतांच्या मधून गावकुसासारखा उभा राहतो. मात्र प्रत्येक डाइक उभा राहतोच असे नाही, काही ठिकाणी तोच आधी झिजतो आणि तिथे चर पडतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर भूवैज्ञानिक नकाशे आहेत. त्यांवरील डाइकची रेघ रस्त्याला जिथे छेदते, ती जागा आधी पाहून यावी.

चढणाऱ्याच्या दृष्टीने डाइकची गंमत त्याच्या सांध्यांत आहे. आडव्या थरात दगडाचे खांब उभे असतात. डाइक दोन्ही बाजूंनी आत थंड होत गेल्यामुळे त्यातले खांब आडवे पडतात आणि सरपणाच्या मोळ्या रचून ठेवल्यासारखी त्यांची टोके बाहेर येतात. त्या टोकांच्या कडा बोटांना फार चांगल्या लागतात. परंतु एखादी मोळी सुटलेली असली तर तीच हातात येते. पकड घेण्याआधी मुठीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर वजन टाकू नये.

पूर्व-पश्चिम भिंतीचा आणखी एक लाभ म्हणजे तिला एक बाजू उत्तरेची मिळते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असल्याने ती बाजू दिवसभर सावलीत राहते. मार्चनंतर सकाळ-संध्याकाळ तिच्यावर तिरपे ऊन येते, पण दुपारचा मारा मेच्या उत्तरार्धापर्यंत दक्षिणेच्या बाजूवरच पडतो. खानदेशचा मे ज्याने पाहिला आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

उत्तर : सुकीपल्याड (रावेर)

तापीचा गाळ कोरा आहे हे मान्य, परंतु तो सातपुड्याच्या पायथ्यापाशी संपतो हे लक्षात घ्या. सुकी, मोर, अनेर या नद्या डोंगरातून बाहेर पडतात, तिथे पात्रात मोठमोठे धोंडे येऊन पडले आहेत. पाण्याने घासल्यामुळे ते गोटे गुळगुळीत असतात, पकडी थोड्या आणि पायांवर सगळी भिस्त. ज्यांना केवळ हातांच्या जोरावर चढायची सवय आहे, त्यांची तिथे पहिल्या दिवशी फजिती होते (माझी झाली). पावसाळ्यात तिथे मुळीच जाऊ नये. वर डोंगरात झालेला पाऊस खाली कोरड्या उन्हात बसलेल्या माणसाला कळत नाही. आणि यावलचे अभयारण्य 1969 पासून संरक्षित आहे, तेव्हा तिकडे वळण्याआधी वन विभागाची परवानगी घ्यावी.

जामनेरकडच्या माळासाठी मात्र नकाशापेक्षा गुराखी बरा. फक्त त्याला “इथे कातळ कुठे आहे?” असे विचारू नका. त्याच्या लेखी सगळीकडे कातळच आहे, तो हाताने साऱ्या माळावर गोल फिरवून दाखवील. “अवकाळी पाऊस आला तर शेळ्या घेऊन आडोशाला कुठे थांबता?” असे विचारा. चार शेळ्या आणि एक माणूस कोरडे राहतील एवढा आडोसा म्हणजे पुढे झुकलेला खडक, आणि तुम्हाला दुसरे काय हवे आहे? विहीर खोदताना कोणाच्या शेतात सुरुंग लावावे लागले, हा प्रश्नही आम्हाला दोनदा उपयोगी पडला आहे. तिथला कातळ शेजारच्या नाल्याच्या काठी उघडा पडलेला असतो.

उत्तर : पाटणादेवी रस्ता (चाळीसगाव)

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण शोध लागल्यावर पुढे काय, याबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. आमच्याकडे कातळाला तोटा नाही, तरी गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात आणि पितळखोऱ्यासारख्या संरक्षित लेण्यांच्या परिसरात चढाईचा विचारही करू नये. ज्या धोंड्याला शेंदूर लागला आहे, तो मग कितीही सुंदर असो, गावाचा देव आहे.

खासगी जमीन असेल तर सातबारा पाहावा. खडकाळ, लागवडीस अयोग्य तुकडा त्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेला असतो, आणि मी तर उलट्या दिशेने, ज्या गटात पोटखराबा मोठा तिथे जाऊन पाहावे, अशीही शोधाशोध केली आहे. बहुतेक वेळा नुसता मुरूम निघतो, पण फेरी फुकट जात नाही. गायरान असेल तर ग्रामपंचायतीत आधी बोलून ठेवावे.

बंद पडलेल्या खदानींचा मोह अनेकांना होतो, कारण त्या शहराजवळ असतात आणि भिंती सरळ दिसतात. त्या भिंती सुरुंगांनी फोडलेल्या असतात. सुरुंगाच्या भोकांचे अर्धगोल चर जिथे दिसतात, तिथे आतपर्यंत चिरा गेलेल्या असू शकतात, म्हणून मी खदानीत खालून वर चढत नाही आणि कोणाला चढू देत नाही.

शेवटची गोष्ट आग्यामोहोळाची. झुकलेल्या कड्याखाली काळसर पडदा लोंबताना दिसला की आवाज न करता मागे फिरावे. आमच्या गटातील एकाला तीन वर्षांपूर्वी चाळीसहून अधिक डंख झाले आणि त्याला दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. चूक आमचीच होती, कारण खालून आम्ही मोठ्याने हाका मारत होतो. फुरशांसाठी काठी जवळ असावी आणि हात घालण्यापूर्वी प्रत्येक कपार डोळ्यांनी पाहावी.

पुन्हा प्रश्नकर्ता : गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचे आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काहीतरी हाती लागल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. पहिल्या तीन फेऱ्या वाया गेल्या. चौथ्या वेळी शेळ्यांचा प्रश्न विचारला आणि एका आजोबांनी क्षणाचाही विलंब न लावता कपाशीच्या शेतापलीकडच्या नाल्याकडे बोट दाखवले. आम्ही त्याच रस्त्याने वर्षानुवर्षे जातो. रस्त्यावरून फक्त बोरीबाभळी दिसतात.

नाल्याच्या दक्षिण काठावर सुमारे तीस पावले लांबीचा कातळ आहे, दोर सोडून मोजला तर सर्वांत उंच जागी साडेचार मीटर. खाली लेंड्यांचा थर आणि तीन दगडांची चूल, वर छतासारखा भाग धुराने काळा झालेला. डावीकडच्या अर्ध्या भागात हरभऱ्याएवढे पांढरे खडे जडलेले आहेत आणि जिथे ते गळून गेले, तिथे बोटाचे एक पेर बसेल एवढी भोके उरली आहेत. उजवीकडचा दगड कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. ठोकल्यावर बद्द वाजला, तो भाग आम्ही सोडून दिला. डाव्या भागात बसून सुरुवात करायची, दोन भोके, मग एक लांब हात तिरप्या कडेवर. इथपर्यंत सगळे जण पोचले. माथ्यावर मात्र पकड नाही, कोरडे गवत आणि भुसभुशीत माती आहे, आणि छातीने वर सरकताना मी खाली आलो. गादी जाड होती म्हणून टाच बचावली. (पहिली गादी आम्ही हौसेने कापसाची शिवून घेतली होती, चार पडण्यांत ती पाटीसारखी घट्ट झाली. आता वर कडक आणि खाली मऊ असा दोन थरांचा फोम घातला आहे.)

सातबाऱ्यावर तो तुकडा पोटखराबाच निघाला. शेतमालक भाऊंनी एकच प्रश्न विचारला, “पडलात तर पोलीस माझ्या दारी येतील ना?” प्रश्न रास्त होता. आम्ही लेखी हमी देऊ केली, तर ते म्हणाले की कागद नको, कपाशी वेचून होईपर्यंत बांधावरून गाड्या आणू नका आणि दर खेपेला घरी सांगून जा. त्यांच्याच इच्छेवरून गावाचे नाव इथे लिहीत नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी निरोप द्यावा, आम्ही बरोबर घेऊन जाऊ. माथ्यावरची माती झाडूने साफ करावी की तिथे चढाई संपवून बाजूने उतरावे, याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही.

उत्तर : लळिंगच्या पायथ्याशी (धुळे)

अभिनंदन. झाडू मारू नका. त्या गवताची मुळेच माती धरून आहेत, ती सुटली तर पहिल्याच पावसात चिखल तुमच्या भोकांत उतरेल. कडेवर दोन्ही हात आले की चढाई पूर्ण मानावी आणि डावीकडून उतरावे. आणखी एक, काठ दक्षिणेचा म्हणजे तुमची भिंत उत्तरेकडे तोंड करून आहे. मार्चमध्ये दुपारी आम्ही येतो.