वृद्धनिवासातील देखभाल कशी पारखावी?

प्रश्न: आईला वृद्धनिवासात ठेवून तीन महिने झाले. खोली स्वच्छ असते, कर्मचारी नम्रपणे बोलतात, तरीही तिचे वजन घटत आहे आणि कंबरेखालची त्वचा लालसर दिसते. मी नेमके काय विचारावे?

उत्तर १: बोटाने दाबल्यावर ती लाली फिकी होत नसेल, तर ती दाबव्रणाची (एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी असू शकते, म्हणून आजच डॉक्टरांना दाखवा आणि आईची कूस दिवसरात्र किती तासांनी बदलली जाते, याची लेखी नोंद मागा. तोंडी आश्वासनावर कृपया थांबू नका.

उत्तर २: माझ्या वडिलांसमोर ताट वेळेवर ठेवले जाई, पण भरवायला कोणी थांबत नसे, न कळवता जेवणाच्या वेळी गेल्यावरच मला हे उमगले, आणि त्याची खंत अजून वाटते.

प्रश्नकर्ती: उद्या दुपारीच जाते.