थंडीत कोथिंबीर उगवत नाही, तुळसही काळवंडते आहे

प्रश्न:
गॅलरीतील कुंडीत धणे पेरून दोन आठवडे होत आले, तरी कोंब दिसत नाहीत, आणि शेजारच्या तुळशीची पाने काळपट पडून गळू लागली आहेत. पाणी रोज घालतो. खत वाढवावे का?

पहिला प्रतिसाद:
खत मुळीच वाढवू नका. माती गार असली की तिच्यातील जिवाणूंचे काम मंदावते आणि मुळेही अन्नद्रव्ये कमी शोषतात, त्यामुळे जादा खत नुसते पडून राहते. कोथिंबिरीला गारवा मानवतो, उगवण मात्र रेंगाळते. तीन आठवडेही लागू शकतात. एका धण्यात दोन बिया असतात. म्हणून पुढच्या वेळी धणे तळहाताखाली हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत आणि साधारण १ सेंटिमीटर खोल पेरावेत.

दुसरा प्रतिसाद:
तुळशीचे दुखणे वेगळे आहे. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तिच्या पानांना इजा होते, तेव्हा रात्री कुंडी घरात घ्यावी, पण पाने खिडकीच्या गार काचेला टेकू देऊ नयेत.

तिसरा प्रतिसाद:
रोजचे पाणी आधी थांबवा, माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे आणि ओल लागली नाही तरच, तेही सकाळी, पाणी द्यावे. पुदिना लावला असेल आणि तो वरून वाळला, तर उपटू नका. त्याची मुळे बहुधा जिवंत असतात.